रंगारीबुवांचं पहिलं पडणं

"मी पडलो," रंगारीबुवा म्हणाले. "आणि आधीच सांगून ठेवतो, हे इथं कुणाला पटायचं नाही."

पटलं नाहीच. शिंपीणबाईंची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला, जणू ऐकायचंही त्याच्यातूनच होतं. दाराशी टेबलावर गोळ्यांच्या डब्या लावणाऱ्या मेट्रनबाईंचा हात जागच्या जागी राहिला. खिडकीजवळ बसलेल्या बायकोनं मात्र वर पाहिलं नाही. मांडीवरच्या शालीचे गोंडे ती एकेक करून सरळ करत राहिली. समोर बसलेल्या फॉर्मवालीनं पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"तुम्ही डोंगराकडचे ना, आजोबा?"

"सात पिढ्या," बुवा म्हणाले.

तिथंच तर मेख होती. ही फॉर्मवाली पोरगी गेले तीन आठवडे म्हाताऱ्यांच्या एकेका निवासात जाऊन बसत होती. हा तिचा बारावा. तिच्या चपलांच्या टाचा एका बाजूनं झिजल्या होत्या आणि आवाज दोन्ही बाजूंनी. त्या शहरात चार मुलखांतली माणसं येऊन म्हातारी झाली होती: नदीपलीकडची, मैदानातली, बंदराकडची आणि डोंगराकडची. यातलं कोण वर्षात किती वेळा पडतं, कुठं पडतं, पायात काय असतं आणि पडल्यावर उठतं कसं, हे तिला लिहून न्यायचं होतं. कुठल्या लोकांना पडण्याचा धोका जास्त आणि का, ते तिचे मोठे साहेब त्यावरून ठरवणार होते.

नदीपलीकडच्यांचा कागद भरायला तिला कधीच त्रास पडला नाही. ती माणसं आपली पडणी नातवंडांसारखी मोजतात. त्यांच्यात घरात पायात काही घालत नाहीत, फरशी ओली असो की कोरडी. तेव्हा मोजायलाही भरपूर असतं. शिंपीणबाईंनी आत्ताच पाच सांगितली होती, त्यातलं एक दोनदा, कारण पहिल्यांदा सांगताना रंगलं नव्हतं. मैदानातल्यांचं उलट. त्यांच्या तोंडून 'पडलो' हा शब्द निघतच नाही. पोस्टमास्तर वर्षभरात तीनदा 'जरा टेकले' होते. त्यातल्या एका खेपेला ते जिन्याच्या सहा पायऱ्या टेकत टेकत खाली आले होते आणि पुढं दोन महिने कंबरेला पट्टा बांधून हिंडत होते, पण पडले म्हणाल तर नाही. बंदराकडची माणसं जमिनीवरच वाढलेली. जमिनीवर बसून जेवणार, जमिनीवर बसून निवडणार, टिपणार. दिवसातून पन्नासदा खाली बसणं आणि उठणं. त्यामुळं पडली तरी उठण्याची कला त्यांच्या हाडात, ती हाडं जोवर ऐकतात तोवर.

आणि डोंगराकडचे? शून्य. अकरा निवासांत, साठ-सत्तर म्हाताऱ्यांत, एकही पडला नव्हता. मोठे साहेब म्हणे हरखून गेले होते. लहानपणी चढण चढलेल्या पोटऱ्या म्हातारपणी दगा देत नाहीत, असं काहीतरी ते लिहायच्या बेतात होते.

बुवांना यातलं खरं माहीत होतं. डोंगराकडचा माणूस पडला की आधी कुणी पाहिलं का ते बघतो, मग हातात एक दगड घेऊन उठतो. म्हणजे तो दगड उचलायलाच वाकला होता. बुवांच्या वडिलांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षात एवढे दगड गोळा केले की अंगणाला कुंपण झालं असतं.

अशा घराण्यातला माणूस भरल्या हॉलमध्ये 'मी पडलो' म्हणाला होता. दुपारचं जेवण होऊन अर्धा तास झालेला, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत पंधरा-वीस जण पेंगत बसलेले. त्यांतले निम्मे तरी जागे झाले.

खरी गोष्ट अशी, की बुवा पडले नव्हते. पडली होती त्यांची बायको.

निवासाला तीन मजले होते आणि एक नियम. वर्षात एखाद्याच्या नावावर तीन पडणी लागली की त्याला तळमजल्यावर हलवायचं. तळमजल्यावर पलंगांना दोन्ही बाजूंनी कठडे होते, फरशीला रबर होतं, चोवीस तास बाई होती. वाईट असं काहीच नव्हतं. फक्त तिथं बायकांची खोली वेगळी होती आणि पुरुषांची वेगळी, आणि पुरुषाला बायकांच्या खोलीत संध्याकाळी चार ते पाच बसायची मुभा होती. बुवा आणि त्यांची बायको दुसऱ्या मजल्यावर जोडप्यांसाठीच्या एका खोलीत राहत होती. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती. तो डोंगराकडचा, ती बंदराकडची. तेव्हा दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती. आता मुरडायला दोन्हीकडं कुणी उरलं नव्हतं. बायकोच्या नावावर मेट्रनबाईंच्या वहीत दोन पडणी लागली होती. बुवांच्या नावावर एकही नव्हतं.

मंगळवारी तिसरं झालं. सकाळी, चहाची घंटा व्हायच्या आधी. बायको न्हाणीघरात गेली आणि बुवांना बादली सरकल्याचा आवाज आला, मग काहीच आला नाही. ते गेले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली होती, एक पाय पुढं, एक दुमडलेला, अगदी त्यांच्या बंदराकडच्या बायका बसतात तशी. क्षणभर त्यांना वाटलं, मुद्दाम बसलीय. मग तिचा कोपर दिसला.

"उठते," ती म्हणाली, आणि उठली नाही. सत्तरीपर्यंत ही बाई जमिनीवरून हात न टेकता उभी राहायची. आता तिनं हात टेकले, गुडघा टेकला, आणि आपले पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तशी त्यांच्याकडं बघत राहिली.

न्हाणीघराच्या भिंतीला एक लाल दोरी होती. ती ओढली की खाली मेट्रनबाईंच्या टेबलावर दिवा लागायचा. दुसऱ्या पडण्यानंतर बुवांनी ती दोरी गुंडाळून वर नळाच्या पाइपाला बांधून टाकली होती; चुकून कुणाचा हात लागायला नको. गाठ परांचीची होती, ओढावी तेवढी आवळणारी. बायकोनं दोरीकडं पाहिलं. बुवांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, थांब, मी आहे ना.

त्यांनी काखेत हात घालून पाहिलं. मनगटांतून अशी कळ गेली की त्यांनाच भिंत धरावी लागली. मग कंबरेला पंचा गुंडाळून ओढून पाहिलं. पंचा वर आला, बायको खाली राहिली. मग खुर्ची आणली, तर ती न्हाणीघराच्या दारातून आत येईना. तेव्हा बुवा तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले.

हीसुद्धा परांचीवरचीच सवय. बुवांनी चाळीस वर्षं इमारतींना बाहेरून रंग दिला, बांबूच्या परांचीवर, सातव्या-आठव्या मजल्याला लोंबकळून. तिथं कुणाचा पाय घसरला आणि तो दोरावर किंवा खालच्या फळीवर अडकला, की सगळी टोळी आपापल्या जागी खाली बसायची. खालून मुकादम ओरडायचा, कोण घसरलं? बसलेल्या आठ माणसांत घसरलेला कोण ते त्याला ओळखू यायचं नाही. आणि ते त्याला कळायला नको असायचं, कारण ज्याचा पाय दोनदा घसरला त्याला तो वरून काढून खालच्या कामावर लावायचा, दारं-खिडक्या घासायला. त्यामुळं टोळीचा रिवाज होता: पडणं वाटून घ्यायचं. ज्याच्या नावावर अजून काही लागलेलं नाही, त्यानं हात वर करायचा. बुवांनी चाळीस वर्षांत, तीन वेगवेगळ्या मुकादमांच्या हाताखाली, तिघांची पडणी आपल्या नावावर घेतली होती. स्वतः ते एकदाही पडले नव्हते.

तर ते शेजारी बसले. तिला गोष्टी सांगितल्या, सगळ्या खोट्या. सातव्या मजल्यावर एका घारीनं त्यांचा ब्रश पळवला आणि तिचं घरटं निळं करून टाकलं, ती गोष्ट तिनं शंभरदा ऐकलेली होती. ती एकशे एकाव्यांदा ऐकली. मध्येच तिनं विचारलं, किती वेळ झाला हो? ते म्हणाले, पाच मिनिटं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. ते म्हणाले, म्हटलं ना, पाच मिनिटं. शेवटी त्यांनी चादर आणून तिला त्यावर घेतलं, ओढत खोलीत आणलं, पलंगाशी आधी उलट्या बादलीवर बसवलं, मग स्टुलावर, मग पलंगावर. रंगाचं भरलेलं पिंप टप्प्याटप्प्यानं वर चढवतात तसं. त्या दिवशी चहाचा कप त्यांच्या हातातून बशीवर वाजत राहिला. विचारणाऱ्याला त्यांनी सांगितलं, थंडी वाजतेय.

बुधवारी अंघोळ घालणाऱ्या बाईनं बायकोचा काळानिळा कोपर पाहिला आणि मेट्रनबाईंना सांगितलं. मेट्रनबाई वर आल्या. बुवांनी सांगितलं, पडलो मी, पडताना हिला धरलं, हिचा कोपर बेसिनला लागला. मेट्रनबाई वाईट नव्हत्या, पण खुळ्याही नव्हत्या. उद्या ती मुलगी फॉर्म घेऊन येतेय, त्या म्हणाल्या, तिच्यासमोर नीट सांगा. ती लिहील तेच मी वहीत घेईन.

बुधवारची उरलेली दुपार दोघांनी तालीम केली. बायकोला फार काही करायचं नव्हतं. बोलायचं नव्हतंच. विचारलं तर फक्त मान हलवायची. बुवांनी चारदा विचारलं, तिनं चारदा हलवली. पाचव्यांदा म्हणाली, दमले मी, पुरे करा.

आता हॉलमध्ये बुवा पुढं सरसावून बसले. त्यांना एक गोष्ट अनुभवानं माहीत होती. भिंतीला बारीक भेग असली आणि ती लपवायची असली, तर तिच्याशेजारी पुट्टीचं मोठं ढोबळ ठिगळ मारावं. बघणारा ठिगळाला नावं ठेवतो आणि भेग सुटून जाते. खोटं बोलायचंही तंत्र तेच. एक मोठी थाप मारावी, लोकांना ती खोडू द्यावी. खोडून खोडून दमले की मागं उरेल ते खरं म्हणून धरतात.

"मंगळवारी सकाळी," ते म्हणाले, "न्हाणीघरात उभा शिरलो आणि आडवा बाहेर आलो. साबणाच्या वडीवर डावा पाय पडला. थांबतोय कशाचा! न्हाणीघरातून खोलीत, खोलीतून कॉरिडॉरमध्ये, अंगावर नुसता पंचा. समोरून नर्स येत होती, तिनं भिंतीला पाठ लावून वाट दिली. लिफ्टचं दार उघडंच होतं. आत गेलो तसं ते मागं मिटलं, आणि मी तळमजल्यावर."

हॉलमध्ये कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. शिंपीणबाई म्हणाल्या की त्यांच्या पाचही पडण्यांत मिळून एवढा प्रवास झाला नव्हता.

"मंगळवारी लिफ्ट बंद होती," मेट्रनबाई दारातून म्हणाल्या.

"म्हणून तर जिन्यानं परत यावं लागलं," बुवा म्हणाले.

पोस्टमास्तरांनी हे मनावर घेतलं. बुवा जिन्यानं आले असते तर आपण त्यांना दिसलो असतो, ते म्हणाले, मंगळवारी सकाळी ते जिन्यातच व्यायाम करत होते. बुवा म्हणाले, तुम्ही पायरीवर टेकला होता, म्हणून दिसला नाहीत. यावर पोस्टमास्तरसुद्धा हसले, आणि हसताना त्यांनी नकळत कंबर धरली.

फॉर्मवाली हसली नाही. तिनं डोळे चोळले. तिला अजून सहा जणांचे कागद भरायचे होते. तिनं शांतपणे लिफ्ट खोडली, कॉरिडॉर खोडला, नर्स खोडली.

"म्हणजे न्हाणीघरात पडलात."

"तसं म्हणा," बुवा जरा नाराजीनं म्हणाले. मनातून त्यांना हायसं वाटलं. ठिगळ निघालं होतं आणि भेग जागेवर होती.

"पायात काय होतं?"

"काही नाही."

"कुठल्या अंगावर पडलात?"

"डाव्या." बायको डाव्या अंगावर पडली होती. बोलून गेल्यावर त्यांनी डावा दंड चोळला. चोळताना दोन्ही हात थरथरले, तेव्हा त्यांनी ते मांड्यांखाली सरकवले.

"डोकं आपटलं?"

"डोक्यात आपटण्यासारखं काही नाही, सगळ्यांना विचारा."

"दोरी ओढली नाहीत?"

"हात पोचला नाही," बुवा म्हणाले. हे मात्र खरं असल्यासारखं निघालं, आणि त्यांची नजर खिडकीकडं गेली. बायको शालीच्या शेवटच्या गोंड्याशी पोचली होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पोरगी लिहीत होती. तिच्या कागदावर डोंगराकडच्यांच्या रकान्यात पहिल्यांदाच एक आकडा पडत होता. बुवांना गंमत वाटायला हवी होती. साहेबांच्या पोटऱ्यांचं काय होणार, हे बोलून दाखवावंसं वाटायला हवं होतं. पण त्यांना एवढंच वाटलं की हे लवकर संपावं, वर जावं, दार लावावं आणि पलंगावर पाठ टेकावी. मंगळवारपासून त्यांची झोप अशी झाली नव्हती. ती कूस बदलली की ते उठून बसत. ती न्हाणीघराकडं निघाली की दाराबाहेर उभं राहून तिची पावलं मोजत: तिकडं सात, इकडं सात. काल इकडची नऊ झाली होती.

"पडून किती वेळ होतात?"

"पाच मिनिटं."

"मग उठलात कसे? स्वतः, की कुणी उचललं?"

याचं उत्तर तालमीत ठरलं नव्हतं. स्वतः उठलो म्हणावं तर पडताना धरलेली बायको तेवढा वेळ काय करत होती, हे जुळवावं लागलं असतं. तोंडाला आलं ते बुवा बोलून गेले.

"हिनं उचललं."

हॉल हसला. बायकोला सगळ्यांनी पाहिलेलं होतं. चहाचा कपसुद्धा ती दोन हातांनी उचलायची. शिंपीणबाई म्हणाल्या, मला नेऊन ठेवा बाई तिच्या खोलीत, सहाव्या वेळेला उपयोगी पडेल. मेट्रनबाईंनी गोळ्यांची डबी मिटली आणि टेबल सोडून जवळ येऊन उभ्या राहिल्या.

फॉर्मवालीनं खुर्ची खिडकीकडं वळवली. हसू ओसरायची वाट पाहिली. तिच्या आवाजात संशय नव्हता, नुसता थकवा होता, आणि कदाचित म्हणूनच तो प्रश्न पुढच्या बाईला ऐकू गेला.

"आजी, खरं का हे? तुम्ही उचललंत?"

आता फक्त मान हलवायची होती. बुवांनी स्वतःची मान नकळत हलवली, लहान मुलाला घास भरवताना आपलंच तोंड उघडतं तशी.

बायकोचे हात गोंड्यांवर थांबले. तिनं आधी बुवांच्या मांड्यांखाली दडवलेल्या हातांकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"नाही," ती म्हणाली. "हे पडले नाहीत. चाळीस वर्षं बांबूवर उभं राहून पडले नाहीत, ते न्हाणीघरात कशाला पडतील? मी पडले. लिही तू. तिसरं माझंच आहे."

"अगं," बुवा म्हणाले.

"आणि पाच मिनिटंही नाही. चहाची घंटा झाली तेव्हा मी फरशीवर होते, आणि नाश्त्याची झाली तेव्हाही फरशीवरच होते. शाळेची घंटा मी तीस वर्षं वाजवलीय, पोरी. बाकी कशातही मला शेंडी लावा, घंटेत नको. तासाच्या वर हे त्या ओल्या फरशीवर माझ्याशेजारी बसून होते, घारीची गोष्ट सांगत. यांना मी उचलवत नाही आता. यांचे हात बघ एकदा. पुढच्या खेपेला मला उचलायला येतील आणि दोघंही खालीच राहू."

तिनं शाल नीट घडी करून मांडीवर ठेवली, निघायचं असल्यासारखी, आणि मग बुवांकडं वळून, दोघंच असताना बोलायची त्या आवाजात म्हणाली:

"चार ते पाच तर चार ते पाच. रोज यायचं, आणि घारीची सोडून दुसरी एखादी आणायची. पण त्याआधी वर जा, अहो, आणि ती लाल दोरी सोडून ठेवा. आपल्यामागून त्या खोलीत कुणीतरी येईल."